कुळाच्या नावावरचे घर परत घेताना

मी, नीळकंठ दत्तात्रेय मेहुणकर, वय ७६, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहितो. पत्नी शकुंतला रागावली आहे, पण ते दडपण नव्हे.

१. मी २०१९ साली नोंदवलेले मृत्युपत्र रद्द करतो. त्यात राहते घर मी आमच्या कुलमंडळाला दिले होते. बारा वर्षे कुलवृत्तांत जुळवताना तंजावर, इंदूर, बडोदे, जिथे मेहुणकर सापडला तिथे पत्र टाकले. सगळे एका कुळाचे, तर सगळ्यांचे एक घर असावे, असे मनापासून वाटले. गेल्या महिन्यात शकुंतलेच्या हाती त्या कागदाची झेरॉक्स लागली. ती म्हणाली, "मंग मी कोठं राहू? तंजावरवाल्याले विचारून चहा मांडू का?"

२. वर्गात मी शिकवत असे: एका लोकसमूहाला स्वतःचे राज्य हवे असते, तो राष्ट्रवाद. अखिल-राष्ट्रवाद त्याहून पुढे जातो. भाषा, वंश किंवा धर्म सारखा असलेले लोक अनेक देशांत विखुरले तरी एकच, म्हणून सीमा ओलांडून त्यांना जोडा, असे तो म्हणतो. स्लावांनी, अरबांनी, आफ्रिकनांनी हे स्वप्न पाहिले. काहींना त्यातून गुलामीशी लढायचे बळही मिळाले. मग हा राष्ट्रवादच मोठा झालेला, की वेगळे काही? मला अजून ठरवता येत नाही. १९५८ साली इजिप्त व सीरिया एक झाले, १९६१ साली सीरिया बाहेर पडला. का, हा प्रश्न मी पाच मार्कांना घालत असे. कारभार सगळा कैरोत गेला, हे उत्तर मला पाठ होते. स्वतःचे घर देताना ते आठवले नाही, याची लाज वाटते.

३. घर, अंगण व बँकेतील ठेव शकुंतलेची, पूर्ण मालकीने.

४. कुलवृत्तांताचे सात खोके इंदूरचे चुलतभाऊ आल्हाद यांस. प्रत्येक सभेत ते "आपलं रक्त एक" म्हणतात आणि मंडळाची कचेरी इंदुरातच हवी म्हणून भांडतात. खोके त्यांनी स्वतः येऊन न्यावेत.

५. वृत्तांतासाठी मी चारशे घरांची संमती घेतली. शकुंतलेला आज सकाळी पहिल्यांदा विचारले, हे घर तुला हवे का? ती पालक निवडत होती. म्हणाली, "पायजे. अन् तुमाले बी राहू देईन."

स्थळ: देऊळगाव राजा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) नी. द. मेहुणकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. राजकुमार खंडारे, शेजारी
२. ज्ञानेश्वर शिंगणे, माजी विद्यार्थी