मँटल घालत नाहीत, पांघरतात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवा साउथहॅम्प्टनमध्ये तुमच्यामुळे माझं काम झालं, म्हणून लिहायला बसले. इथे बंदराजवळ मध्ययुगातल्या एका व्यापाऱ्याचं घर आहे. शनिवारी हौशी मंडळी त्या काळच्या वेशात लोकांना ते घर दाखवतात. मला त्यांच्यात जायचं होतं, अगदी मनापासून. ऑफिस, बस आणि सुपरमार्केट यांत माझं निम्मं आयुष्य या गावात गेलं, तरी मी पाहुणीच. एकदा तरी इथलं एखादं दार आपण उघडावं आणि इथल्याच लोकांना ‘या, बसा’ म्हणावं, एवढीच हाव होती.

पण त्यासाठी परीक्षा. तिथली प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांची एक खमकी बाई. तिने टेबलावर तीन जाड लोकरी कपडे टाकले आणि म्हणाली, “समोर शाळेतली मुलं आहेत असं समज. यांतला फरक सांग.” मी घरी सगळं घोकून गेले होते: सरकोट, मँटल, हूपलांड. ऐन वेळी नावांची खिचडी झाली. इंग्रजीत तिन्ही कपडे एकाच क्रियापदाने अंगावर चढतात, तेव्हा तिथूनही मदत नाही. मी उगाच एक कपडा उचलून झटकला, आणि तुमचा आवाज ऐकू आला.

सातवीचा वर्ग आहे. मी निबंध वाचतेय, ‘आईने नवी साडी घातली’, आणि तुम्ही मला तिथेच थांबवता. “साडी म्हणजे काय सदरा आहे? सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. कपडा अंगावर कसा येतो ते मराठीला कळतं, तुला कधी कळणार?” वर्ग खिदळतो. मधल्या सुट्टीत मी डोळे पुसत असताना तुम्ही तुमची तपकिरी शाल माझ्या खांद्यांवर टाकता. “आता सांग, काय केलंस?” “पांघरली.” “शहाणी आहेस.” मग शाळा सुटेपर्यंत ती माझ्याच अंगावर.

मी तेच केलं, बाई. बिनबाह्यांचा, मधोमध गळा असलेला: हा डोक्यातून घालायचा, म्हणून सरकोट. अर्धगोल, छातीवर दोरीने अडकवलेला: हा पांघरायचा, मँटल. आणि ज्याच्या बाह्या जमिनीला टेकतात, जो इतका ऐसपैस की पट्टा बांधल्याशिवाय धड चालता येत नाही, तो हूपलांड. प्रमुखबाईने विचारलं, “हे कोणी शिकवलं तुला?” “माझ्या मराठीच्या बाईंनी.” “त्या मध्ययुगाच्या अभ्यासक होत्या?” “नाही, व्याकरण शिकवायच्या. पण आम्हाला त्या मध्ययुगातल्याच वाटायच्या.” ती खो खो हसली आणि म्हणाली, “शनिवारी ये.”

शनिवारी ते जडशीळ दार मी उघडलं. सगळ्यांत पुढे माझीच लेक. “आई, काय सुपर्ब झगा घातलीस तू!” “घातली नाही आणि घातलाही नाही. पांघरलाय,” मी म्हणाले, आणि सूर थेट तुमचा. मागे मोठी रांग होती. मी एकेकाला आत घेत होते आणि आनंदाने माझे गाल दुखत होते.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणजे तुमच्या लाल शाईची भीती नाही, म्हणून एक सांगून टाकते. मँटल दोन्ही खांद्यांवर सारखा हवा. पण बोलता बोलता माझा हात सारखा जायचा आणि उजवीकडचं टोक डाव्या खांद्यावर घेऊन टाकायचा. प्रमुखबाईने विचारलं, ही कुठल्या शतकातली पद्धत? मी ठोकून दिलं, फार जुनी आहे. बाई, मी मँटल घातला नव्हता, पांघरलाही नव्हता. मी तो चक्क नेसले होते.