धुराची कड

१२ एप्रिल

डोंगरामागचं जंगल चौथ्या दिवशीही पेटलेलंच. दर दहा मिनिटांनी उपग्रहाचं नवं चित्र येतं आणि मी पडद्यावर धुराची कड आखते. ढग पांढरा, धूर मळकट — एवढंच सोपं, बाकी सगळं अवघड. आज कड बाबांच्या गावापासून तीस किलोमीटरवर. त्यांची फुप्फुसं आधीच निम्मी कामातून गेलेली.

भावाला फोन करून सांगितलं, आजच्या आज त्यांना आत्याकडे शहरात हलव. बाबा हटून बसले होते. शेवटी त्यांच्या बहिणीनेच फोनवर दम भरला, तेव्हा निघाले.

१३ एप्रिल

पोहोचले. आत्याने आपली खोली बाबांना दिली. मला फोनवर म्हणाली, "ये ये म्हणून वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतेय. ह्याला यायला जंगल पेटावं लागलं." खूप दिवसांनी मी हसले.

१४ एप्रिल

वारा फिरला. दोनच्या चित्रात धुराचा पट्टा वाकला, तीनच्या चित्रात सरळ आत्याच्या शहराकडे. आणि बाबांचं गाव मोकळं! नदीचं वळणसुद्धा स्वच्छ दिसतंय.

साहेबांचं म्हणणं पडलं की धूर बराच वर आहे, शहरावरून निघून जाईल. मलाही तसंच वाटलं. वाटलं, की वाटून घेतलं? उपग्रह वरून बघतो. धूर छपरांना टेकलाय की तीन किलोमीटर उंचावर आहे, चित्रात दोन्ही सारखंच दिसतं. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला हे मीच शिकवते. तरी भावाला कळवलं — थांबा तिथेच.

१५ एप्रिल

धूर खाली उतरला.

१६ एप्रिल

तिथलं हवा मोजायचं यंत्र सकाळपासून शेवटच्या आकड्यावर अडकलंय. पुढची गाडी दिसत नाही म्हणून रस्ते बंद. म्हणजे आता बाहेरही पडता येणार नाही.

भाऊ म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून आणलं त्यांना." एवढं म्हणून फोन ठेवला. आणखी बोलला असता तर बरं झालं असतं.

बाबांना धाप लागलीय. आत्याने त्यांच्या खिडकीवर ओली चादर टांगलीय, सुकली की पुन्हा भिजवते. ऑक्सिजनचा सिलिंडरही तीच चालत जाऊन दवाखान्यातून घेऊन आली. भाऊ बाबांजवळून हलू शकत नव्हता.

१७ एप्रिल

सगळ्या पट्ट्याची कड आखायची, आणि मी एका ठिपक्यावर डोळे लावून बसलेली. साहेबांनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

तासातासाला फोन करतेय. बाबांचा ऑक्सिजन किती? भाऊ आकडा सांगतो — अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, पुन्हा शहाऐंशी — आणि फोन ठेवतो. मी काही देवभोळी नाही. आज पडद्यापुढे हात जोडले.

१८ एप्रिल

पट्टा फाटतोय! सकाळच्या चित्रात अर्धं शहर दिसलं. बाबांचा आकडा ब्याण्णव. टेबलावर डोकं टेकून रडले.

१९ एप्रिल

आज पहाटे आत्या गेली. बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. बाबा आल्यापासून ती तिथेच झोपत होती, तिथली खिडकी नीट लागत नाही — हे मला आज कळतंय. इतके फोन केले, तिची चौकशी एकदाही केली नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. भाऊ म्हणाला, ते आतून तिला हाका मारताहेत.