डावी पाकळी

१६ ऑगस्ट, शनिवार

काल इथं लिहिलं ते चूक आहे. लिहिलं होतं — ‘डावी पाकळी आधी पडली, देवीनं जवळच्या कॉलेजाचा कौल दिला.’ पाकळी पडताना मी पाहिलीच नाही! आत्या म्हणाली, “मीट डोळे, घे नाव.” मी मिटले. मग म्हणाली, “डावी.” उघडले तेव्हा डावी पाकळी देवीसमोर पडलेली होती आणि उजवी चिकटलेलीच होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. बाकीचं ऐकून लिहिलं.

आमच्याकडं मोठं काही ठरवायचं असलं की कौल लावतात. देवघरातल्या येडाईच्या मुखवट्याला दोन्ही गालांवर झेंडूची ओली पाकळी चिकटवायची. जी आधी पडेल ते खरं. घरातलं वडीलधारं माणूस लावतं. आई गेल्यापासून दैवशाला आत्या लावते. लकव्यानं तिचं उजवं अंग गेलंय, तरी चाकाच्या खुर्चीत बसून तिनं डाव्या हातानं लावल्या. आप्पा शेजारी हात जोडून.

उजवी म्हणजे पुणे. डावी म्हणजे सोलापूर रस्त्यावरचं नवं कॉलेज, रोज एसटीनं जाऊन-येऊन. शिक्षण दोन्हीकडं एकच — नर्स प्रॅक्टिशनरची एम.एस्सी., अतिदक्षता विभागाची. दोन वर्षं. पुण्याला मात्र तिथंच राहायचं, हॉस्पिटलमध्येच.

मला लिहायला आत्यानंच शिकवलं. लहानपणी दमा होता, आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. परातीत राख पसरून त्यात बोटानं अक्षरं गिरवायची. “जेवढं दिसलं तेवढंच सांग. पदरचं जोडलंस तर हात सुजवीन.” सुजवलाय सुद्धा. म्हणून ही दुरुस्ती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आप्पांबरोबर जवळचं कॉलेज बघून आले. इमारत चकाचक. आयसीयूत व्हेंटिलेटर आहेत, पण वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. एकच पेशंट होता. तो कॉटवर मांडी घालून केळं खात होता.

मी विचारलं, “सर, श्वासनळीत नळी घालायला कुठल्या पेशंटवर शिकायचं?”

ते सर हसले. “पेशंट काय, येतील हो मॅडम! हजेरीची चिंता करू नका. घरचं बघत बघत करा. लई मुली तसंच करतात. डिग्रीवर थोडंच लिहिलेलं असतंय, किती पेशंट बघितले म्हणून?”

आप्पांना फार आवडलं. परतताना एसटीत म्हणाले, “किती समजूतदार माणूस!”

म्हटलं, “आप्पा, तिथं शिकायला कुणी आजारीच नाही.”

“मग चांगलंच की. तरास कमी.”

पण भीती वाटली. दोन वर्षांनी मी हातात तो कागद घेऊन कुणाच्या तरी उशाशी उभी राहीन आणि समोरचा माणूस समजेल, हिला येतं!

२० ऑगस्ट

आत्याला अंघोळ घालताना तिनं दंडाला चिमटा काढला. “पाणी ऊन हाय.” पाणी कोमट होतं. डावा हात भलताच जोरकस आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार — पोळा

धाराशिवला हॉस्पिटलात ड्युटी. आमचे डॉक्टर पोळ्याला गावी गेलेले. दुपारी एका बाबाचा श्वास बिघडला. फोन लावला. “थांबा, मी निघालो. हात लावू नका.” मला दिसत होतं काय होतंय ते. पुढं काय करायला हवं तेही ठाऊक होतं. नुसतं ठाऊक! तो गेला. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर बैलांचा गुलाल होता.

तारामती सिस्टर माझ्याहून जुन्या. चादर ओढत म्हणाल्या, “अर्पिता, नर्सनं बघायचं असतं, ठरवायचं नसतं. डोकं घरी खुंटीला टांगून यायचं. मी वीस वर्षं टांगतेय.”

त्यांनीच पुण्याच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा नंबर दिला. बोलले तिच्याशी. ती म्हणाली, “पहिले सहा महिने रडशील. बाथरूममध्ये रड, बाहेर कुणाला वेळ नाही. पण राउंडला डॉक्टर तुलाच विचारतात — काय दिसतंय, काय करू या? उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर इज्जत काढतात.”

फोन ठेवला. ‘काय दिसतंय, काय करू या?’ नोकरीला लागल्यापासून मला हे कुणी एकदाही विचारलेलं नाही.

पुण्याची सीट माझ्या नावावर आहे. आठ सप्टेंबरला स्वतः हजर व्हायचं. नाही झालं तर ती पुढच्या मुलीला जाते. आणि मी एका पाकळीपायी गप्प बसले आहे!

२५ ऑगस्ट, सोमवार

महालक्ष्म्यांच्या फराळाची तयारी. आरोही वहिनी करंज्या लाटत होती, मी भरत होते. सहज विचारलं, “वहिनी, त्या दिवशी पाकळी पडताना तुम्ही बघितली का?”

वहिनीला हसू आवरेना. लाटणं ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

“वन्सं, तुम्हाला खरंच ठाऊक न्हाय? आवं, आत्यांनी नखानं काढली की! आप्पा बघत होते. तुमचे दादा बघत होते. मी बघत होते. सगळ्या घरात डोळे मिटलेले तुमचे एकटीचेच!”

“मग बोलला का नाही?”

“मी कशाला बोलू? तुम्ही गेलात की त्यांचं हागणं-मुतणं माझ्याच गळ्यात.” आणि परत करंजीला लागली. “राग मानू नका. खरं तेच सांगितलं.”

राग नाही आला. या घरात मला खरं सांगणारी ती पहिलीच निघाली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आत्याला विचारलं. कूस बदलून देत होते तेव्हाच. सरळ विचारलं, “पाकळी तुम्ही काढलीत?”

“व्हय.” डोळेसुद्धा हलले नाहीत. “बारा दिवस लागले व्हय गं विचारायला?”

“देवीसमोर?”

“मग काय तुझ्या बापासमोर? तो तर बघतच होता. मला तू पाहिजेस. तुझ्या वहिनीचा हात लागला की मला मेल्यागत वाटतंय. आणि डोळे मीट म्हटलं की मिटतेस! पुण्याच्या वॉर्डात जाऊन काय बघणार तू?”

मग तिनं ते सांगितलं. मला कधीच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती परत आली तेव्हा तिचा लातूरला डी.एड.ला नंबर लागला होता. तेव्हाही कौल लावला. तेव्हा आप्पांनी पाकळी पाडली, अंगठ्यानं. “मी डोळे उघडे ठेवले होते. तुझ्यासारखी बावळट न्हवते मी.”

“मग बोलला का नाही?”

“घर त्याचं, देवी त्याची. मी कुठं जाणार होते? आता नीट ऐक. मी लातूरला गेले असते तर दुसऱ्याच्या लेकरांना शिकवलं असतं. तुला राखेत अ कुणी काढून दिला असता? तुझ्या आईला सही येत न्हवती. तुझ्या बापानं माझी पाकळी पाडली, म्हणून तू शिकलीस. आता फेड.”

माझे हात थांबले. तिच्या म्हणण्यात चूक कुठं आहे ते शोधत होते. अजून शोधतेय.

तरी म्हटलं, “मी जाणार. आठ सप्टेंबरला.”

“आठला पितृपाठ लागतो. त्याच्या आत मरून दाखवते. सुतकात कशी घराबाहेर पडतीस तेच बघते.”

आणि मी काय म्हणाले! मी तिच्या दंडाचा बीपीचा पट्टा सोडत म्हणाले, “बीपी चांगलं आहे तुमचं. इतक्यात नाही मरत तुम्ही.”

आत्या हसली. लकव्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं.

“आत्ता कशी माझ्यागत बोललीस!”

२७ ऑगस्ट

पुण्याला फोन करून सांगितलं, येते म्हणून. आप्पांनाही सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

वहिनीला शिकवतेय — आत्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठ कशी बघायची, घास कुठल्या गालात द्यायचा. वहिनी नाकाला पदर बांधून येते. आत्या मुद्दाम अंग जड करते. आज वहिनीनं तिला वळवलं तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, म्हैस लोळवतीस का माणूस?” वहिनी म्हणाली, “म्हशीला तोंड नसतंय, आत्या.”

दोघींमध्ये उभी राहून मला हसू आलं. मग लाज वाटली. मी गेल्यावर हे असंच चालणार, रोज. मला ते आधीच दिसतंय आणि तरी मी जाणार आहे. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. गावातल्या शांताक्का पुरणपोळी वाढून घेत सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलल्या, “म्हातारीला टाकून पोरगी पुण्याला चालली म्हणं. नर्स ना गं तू? मग घरच्या पेशंटला काय पगार न्हाय म्हणून व्हय?”

आप्पा तूप वाढत होते. त्यांनी शांताक्कांना जास्तीची धार सोडली.

४ सप्टेंबर, गुरुवार

आत्या गेली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

जेवढं दिसलं तेवढंच लिहिते.

काल सकाळी चहा तिच्या ओठातून ओघळला. डाव्या बाजूनं — चांगल्या बाजूनं. नाव विचारलं, सांगता येईना. दुसरा झटका, तिथंच कळलं. दादानं जीप काढली. धाराशिवला नेलं, आमच्याच हॉस्पिटलात. अशा वेळी पहिल्या काही तासांतच सगळं असतं. डोक्याचा फोटो लगेच काढायचा, नाहीतर पुढं सोलापूरला पाठवायचं. कुणीतरी ठरवायचं! डॉक्टर दुसऱ्या गावी होते. फोनवर म्हणाले, “ठेवा ॲडमिट करून. मी येतो, मग बघू.”

मी दादाला म्हटलं, सोलापूरला नेऊ. दादा म्हणाला, “डॉक्टर थांबा म्हणतात आणि तू ने म्हणतीस. तू कोण?”

आप्पा म्हणाले, “ती नर्स हाय. डॉक्टर न्हाय.” इतक्या दिवसांनी माझ्याबद्दल बोलले ते हे.

थांबलो. तारामती सिस्टर माझ्याकडं बघत नव्हत्या. आत्याचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं बघत होती की नुसतीच बघत होती, सांगता येत नाही. म्हणून सांगत नाही. डॉक्टर आले तेव्हा पुढं पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गोळ्या तिनं चुकवल्या नव्हत्या. सगळ्या माझ्या हातानं दिल्या, माझ्यासमोर गिळल्या. हे मी दारात जमलेल्या बायकांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. “येईल त्याला म्हणत व्हती, मरून दाखवीन. दाखवलं बिचारीनं.”

आप्पा म्हणाले, “हिनंच मारली.”

६ सप्टेंबर, शनिवार

पंचांग बघणारे जोशी येऊन गेले. म्हणाले, लग्न झालेली बहीण, तिचं माहेरी सुतक तीनच दिवसांचं. आज संपतं.

तीनच दिवस! मी आतल्या खोलीत होते. मान वर केली.

आप्पा म्हणाले, “ती सासरची कधीच नव्हती. माझ्या घरात राहिली, माझ्या घरात मेली. दहा दिवस धरायचे. सगळ्यांनी.”

जोशी म्हणाले, “तुमची इच्छा. जास्त धरायला ना नाही.” सुतकाच्या घरचा चहा घ्यायचा नव्हता, उठून गेले.

ज्यानं तिला या घरात अंगठ्यानं अडकवलं तोच आज तिच्या नावानं मला अडकवतोय. दहावा तेरा तारखेला. सीट आठला जाते. वहिनी भांडी घासताना हळूच म्हणाली, “वन्सं, आता तर कुणाचं करायचं पण उरलं न्हाय. आता कशाला अडवतेत?”

मला कळलंय. आत्याला माणूस हवं होतं. आप्पांना फक्त पाकळी पाडायची असते.

७ सप्टेंबर, रविवार

बॅग उंबऱ्याजवळ आणून ठेवली. आप्पांनी भावकीसमोर सांगितलं, “दहाव्याच्या आत हा उंबरा ओलांडलास तर तेराला बहिणीबरोबर तुझाही दहावा घालतो. दोन पिंड ठेवीन.”

म्हटलं, “ठेवा.”

उद्या, सोमवार, आठ सप्टेंबर. सकाळच्या पहिल्या पुणे गाडीनं.