चोवीस तासांचे एकवचन

सर,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: ज्या दुरुस्तीमुळे तुमची नोकरीतली दोन वर्षांची मुदतवाढ गेली, ती दुरुस्ती तुम्ही केलेली नव्हती. हे तुम्हाला ठाऊक होते आणि मलाही. तिसऱ्या कोणाला ते कधी कळले नाही, म्हणून क्रमाने लिहून काढणे आवश्यक आहे.

निमित्त क्षुल्लक आहे. माझ्या भावाची नात पुण्याहून इथे नोकरीला आली आहे. दर शनिवारी ती इलेक्ट्रॉनिक सिटीतून इंदिरानगरला माझ्याकडे जेवायला येते. परवा कुठलासा अर्ज लिहिता लिहिता तिने विचारले, "आजी, 'फाइव्ह इयर्स इज' का 'आर'? कॉम्प्युटर एकदा हे म्हणतो, एकदा ते." मी दिलेले उत्तर शब्दशः तुमचे होते. पाच वर्षे हा एकच सलग काळ म्हणून मोजायचा असेल तर इंग्रजीत एकवचन. वर्षे एकामागून एक सरली असे म्हणायचे असेल तर अनेकवचन. "पण कुठलं ते कळणार कसं?" "लिहिणाऱ्याला विचारायचं." "म्हणजे मी मलाच विचारू?" ती हसली आणि तिने आणखी एक पोळी घेतली. त्यानंतर मला घास उतरेना, असे लिहिणे खोटे ठरेल. मी नीट जेवले, ताटे धुतली आणि मग कागद काढला.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा माझ्यापाशी तर्कशास्त्राची पदवी होती आणि कारखाना आतून कधी पाहिलेला नव्हता. आपला अहवाल विभाग म्हणजे दोन टेबले आणि एक कपाट. अभियंत्यांनी लिहिलेल्या चाचणी-अहवालांचे इंग्रजी नीट करून ते आपण छपाईला देत असू. तुमचे दोन दंडक होते. अर्थाला धक्का लागेल अशी शंका आली की उठून चाचणीच्या शेडमध्ये जायचे आणि लिहिणाऱ्याला विचारायचे. आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी, समासात, पेन्सिलीने स्वतःची आद्याक्षरे घालायची. स्वल्पविराम बदलला तरी. रविवारी सकाळी तुम्ही मला जयनगरच्या घरी बोलावून घेता, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या पसरून काळाची वचने समजावता. काकू पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या आहेत. "अगं, यांचं ऐकत बसलीस तर पोहे गार होतील. मग गार पोहे एकवचनी का अनेकवचनी, ते ठरवत बसा दोघं." तुम्ही वर न पाहता, 'थोडं'ला इथला कानडी शब्द वापरून म्हणता, "स्वल्प थांब गं, वाक्य अर्धं राहिलंय." "तीस वर्षं थांबलेच आहे की." "ऐकलंस?" तुम्ही मला म्हणता, "ही अनेकवचनी तीस वर्षं. एकेक मोजलेली." त्याच टेबलावर काकूंनी मला सांगितले होते की मुदतवाढ मिळाली तर मुलीचे कॉलेज इथेच पुरे होईल, नाहीतर मधूनच मिरजेला, गावच्या घरी जावे लागेल. म्हणजे त्या दोन वर्षांचा अर्थ मला पूर्ण ठाऊक होता.

तो अहवाल एका पंपाच्या चाचणीचा होता. अभियंत्याने लिहिले होते की चोवीस तास पूर्ण झाले, आणि क्रियापद अनेकवचनी ठेवले होते. मला ते गावंढळ वाटले. चोवीस तास म्हणजे एक काळ, हे मी नुकतेच तुमच्याकडून शिकले होते. मी क्रियापद एकवचनी केले, आणि ते शोभावे म्हणून तासांच्या आधी 'कंटिन्युअस' हा शब्द घातला. शेड पाच मिनिटांच्या अंतरावर होती. मी उठले नाही. मला शंका आली नव्हती, त्यामुळे तुमचा पहिला दंडक लागू होत नाही, असा युक्तिवाद मी पुढे बरीच वर्षे मनात केला आहे. आद्याक्षरे मात्र मी का घातली नाहीत, याला युक्तिवाद नाही. तुम्ही त्या आठवड्यात तापाने घरी होता. आल्यावर माझ्यावर विसंबून शेवटच्या पानावर सही केलीत.

पंप दर तासाला थांबवून गार होऊ दिला होता. अभियंत्याचे चोवीस तास खरोखरच एकेक करून मोजलेले होते. पंप घेणाऱ्यांच्या तपासनिसाने नोंदी मागवल्या, आणि न झालेल्या अखंड चाचणीचा दावा आपल्या कारखान्याने केल्याचे ठरले. व्यवस्थापकांच्या खोलीत आपण दोघे उभे होतो. मूळ प्रत टेबलावर उघडी होती. "हा शब्द कुणाचा? समासात कुणाचीच अक्षरं नाहीत." तुम्ही वाकून पाहिलेत. माझी पेन्सिल तुम्ही ओळखली नसेल हे संभवत नाही. मी ती फार टोकदार करत असे. "माझ्या सहीनं गेलाय," तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझाच." व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटले, "नाही, सर."

बाहेर व्हरांड्यात तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "शेडमध्ये गेली होतीस?" "नाही." "सरी," तुम्ही म्हणालात, इथले दुकानदार कानडीत ठीक म्हणायला म्हणतात तसे, कोरडे. त्यानंतर निरोपाच्या दिवसापर्यंत तुम्ही माझी पाने पूर्वीसारखीच तपासलीत. मुदतवाढ मिळाली नाही, मुलीचे नाव कॉलेजातून काढावे लागले. मिरजेहून काकूंची दोन पत्रे आली, दोन्हींत माझी चौकशी होती. तुम्ही वारल्याचे मला विभागातल्या सूचनाफलकावर कळले, आणि तोवर तुमचे टेबल माझे झाले होते.

सिद्ध करायचे ते इथे संपते. या पत्रासाठी पाकीट मी आणलेले नाही, आणि काकूही आता नाहीत. एक मुद्दा राहतो. त्या खोलीत मी भीतीने गप्प राहिले, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. ते खरे नाही. व्यवस्थापकांनी विचारले तेव्हा मी टेबलावरचे पान वाचत होते, आणि माझे वाक्य त्या अभियंत्याच्या वाक्यापेक्षा चांगले आहे, असे माझ्या मनात आले होते.

दुरुस्ती माझी.

तुमची सहायक,
अहवाल विभाग