आप्रेमोंतली ग्रँजेची रांग

आप्रेमों, नोव्हेंबरची अखेर

प्रिय बाबा,

सोलांजचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. इथली जाकेर जातीची द्राक्षं यंदा चांगली आली, सासरे खूश आहेत. तुमचा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे गेलात, की नुसतंच जाईन म्हणालात?

लग्नात तुम्ही लावायला दिलेल्या ग्रँजे द्राक्षाच्या काड्यांबद्दल विचारता आणि मी उत्तर टाळत होते. त्या काड्यांची झालेली वेलींची रांग परवा उपटून काढली. आप्रेमोंच्या नावाने वाइन विकायची तर तिच्यात ग्रँजे चालत नाही. ते द्राक्ष आपल्या आएझकडचं, असा नियम आहे.

सासरे म्हणाले, "सूनबाई, वेल गुणी आहे गं, पण नियमात बसत नाही."

मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, "आर्मां, तू तरी काही बोल."

"बाबांच्या जमिनीत मी काय बोलू?" म्हणाला.

मग कुदळ मीच घेतली. दुसऱ्या कुणी त्या वेली उपटलेल्या मला बघवल्या नसत्या. आर्मां चांगला वागतो, काळजी करू नका. हल्ली जेवताना बोलणं कमी होतं, एवढंच.

तुम्ही लिहिलंत, की उतारावरची मेहनत आता झेपत नाही, या हिवाळ्यात वेली काढून टाकीन, पोरीकडे ती जात जगतेच आहे. म्हणून हे कळवावं लागलं. माझ्याकडे आता ग्रँजेची एकही वेल नाही. थांबता आलं तर थांबा, बाबा. फेब्रुवारीत छाटणीला मी येते. एकटीच येईन.

आणि काढल्याच असतील, तर ते लिहू नका. तब्येतीचं तेवढं लिहा.

तुमचीच,
सोलांज