पाच ऑक्टोबर कुठे जाते?

३ फेब्रुवारी

निनादचा बंगळूरहून फोन. "आई, अब तो डिसाइड कर. पॉइंट्स पडून सडताहेत." दहा वर्षं कंपनीच्या कामाला पोरगा विमानात बसतोय, त्याचे माइल्स साठलेत. ते त्याला आम्हा दोघांवर उधळायचेत. जगाभोवती एक फेरी, फर्स्ट क्लासने. मी म्हटलं, साध्या डब्यात बसू की. तर म्हणे, "बाबांचे गुडघे बघ आधी."

हे शेजारी मटार सोलत होते. "मला विचारलं का कोणी?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं.

तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. संत्र्यात विणायची सुई खुपसून पृथ्वी फिरवली, स्केच पेननं वाररेषा काढली. आणि मी स्वतः समुद्र पाहिला तो एकदाच, पुरीला. त्यातही ह्यांची चप्पल वाहून गेली म्हणून अर्धा वेळ ती शोधण्यात.

५ फेब्रु.

निनादनं तीन विमान कंपन्यांच्या सभासद योजनांचे नियम पाठवलेत. मी त्यांना अ, ब, क तुकडी म्हणते. 'अ' दिसायला गोड, पण माइल्स वापरले नाहीत तर मुदत संपून बुडतात. 'ब' घरच्यांना माइल्स देऊ देते, पण तिकिटावर इंधनाचा अधिभार असा लावते की फुकट कशाला म्हणायचं? 'क' अडाणी. वेबसाइट रडकी, काम फोनवरच. पण पृथ्वीप्रदक्षिणेचं (यापुढे पृ.प्र.) एकच सलग तिकीट फक्त 'क' देते. वर्गातही अशी एखादी असायचीच, वही गचाळ आणि उत्तर बरोबर.

एक मेख आहे. निनादचे बरेचसे पॉइंट्स बँकेच्या कार्डावर आहेत. ते एकदा 'क'मध्ये वळवले की परत येत नाहीत. म्हणून आधी जागा, मग पॉइंट्स.

नियम वाचताना चहा दोनदा उतू गेला.

८ फेब्रु.

'क'चा मुख्य नियम: एकाच दिशेनं जायचं. पूर्व तर पूर्व, पश्चिम तर पश्चिम. मागे फिरायचं नाही. अटलांटिक एकदा, पॅसिफिक एकदा.

हे जेवताना एकदम म्हणाले, "प्रदक्षिणा म्हणतेस ना? मग देव उजव्या हाताला पाहिजे. उलटी फेरी मी घालणार नाही."

मी म्हटलं पृथ्वीभोवती कसला उजवा हात! "तू भूगोलाची. तू सांग."

९ फेब्रु.

सांगितलं. संत्रं घेऊन बसले. देवांचा मेरू पर्वत उत्तरेला. उत्तर उजव्या हाताला ठेवायची तर तोंड पश्चिमेकडे. सूर्यही तसाच जाताना दिसतो. म्हणजे पश्चिमेची फेरी सुलटी. ह्यांनी संत्रं हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं. "चलो, ठीक है." मग ते सोलून खाल्लं.

हे 'हो' म्हणाले!! तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. लिहिलीच आहे वर.

१२ फेब्रु.

निनाद 'क'च्या बाईशी दीड तास फोनवर. मी दुसऱ्या लाइनीवर कान देऊन. फर्स्ट क्लासच्या दोन जागा एकत्र मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. एक सापडते, दुसरी नाही. शेवटी साखळी जुळली. दिल्ली, लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकियो, दिल्ली. सप्टेंबरअखेर निघायचं, ९ ऑक्टोबरला घरी. आठ दिवस जागा धरून ठेवतील, २० तारखेला दुपारी बारापर्यंत. तोवर पॉइंट्स वळवून 'हो' म्हणायचं.

संध्याकाळी टोपी बाजारात बॅगा बघून आले. घेतली नाही. नुसती ओढून पाहिली.

१३ फेब्रु.

माझ्यासारखी मूर्ख मीच.

कॅलेंडरवर तारखा मांडत होते. लॉस एंजेलिसहून ४ ऑक्टोबरला रात्री उडायचं, टोकियोत ६ ला पहाटे उतरायचं. पश्चिमेला जाताना वाररेषा ओलांडली की एक तारीख गिळली जाते. पाच ऑक्टोबर विमानातच सुरू होणार आणि विमानातच जिरणार. मुलींना हेच विचारायचे मी, पाच मार्कांना. पाचच्या चौकोनात बघते तो ह्यांच्या अक्षरात, लाल पेननं: बाबा. पितृपक्षातली दशमी. ह्यांच्या वडिलांचं श्राद्ध.

जानेवारीत नवं कॅलेंडर टांगलं की हे पहिलं काम तेच करतात. मी रोज त्या कॅलेंडरवर दूध लिहिते.

पूर्वेकडून गेलो असतो तर एक दिवस उलट जास्त मिळाला असता. पण प्रदक्षिणा सुलटी पाहिजे होती ना!

ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला. "तिथे कावळा कुठून आणणार?" एवढंच.

१४ फेब्रु.

निनादनं पूर्वेकडून शोधलं, पुढचे-मागचे आठवडे शोधले. दोन जागा कुठेच नाहीत. "आई, एक दिन की बात है यार." मी म्हटलं, हे वाक्य बाबांसमोर बोलू नकोस.

१५ फेब्रु.

खासगी बाजार मोहल्ल्यात गुरुजींच्या घरी गेले, एकटी. इतकी वर्षं आमच्याकडे श्राद्धाला तेच येतात. संत्रं नेलं होतं. त्यांना फारच मजा वाटली. ताटलीत फिरवून विचारतात, "म्हणजे वहिनी, दशमी तिथे उगवतच नाही?"

मी म्हटलं, चंद्र तर तिथेही असणार. इथे दुपार असेल, श्राद्धाची वेळ, तेव्हा आम्ही पॅसिफिकवर अंधारात.

"मग तारीख हरवली. तिथी कुठे हरवली? अन् सुटलीच तर दहाला सर्वपित्री आहे. तुम्ही नऊला घरी. शास्त्रात रस्ता आहे, चिंता नका करू."

रिक्षात जवळजवळ गातच आले.

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं, संत्रंसुद्धा. मग म्हणाले, "सर्वपित्री ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी. मला माहीत आहे."

१६ फेब्रु.

बोलणं बंद. दोघांचंही. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाहीये. वरणात मीठ जास्त पडलं, मुद्दाम नाही.

१७ फेब्रु.

सकाळी फिरायला किला गेटपर्यंत. परतताना हे आपणहून बोलले. बाबा गेले तेव्हा हे इंदूरला होते, मित्राकडे. एक दिवस जास्त राहिले, कारण मजा येत होती. पोचले तोवर सगळं आटोपलेलं. "त्या दिवशी मी घरी नव्हतो. म्हणून दरवर्षी त्या दिवशी घरी असतो."

सदतीस वर्षं संसार. मला एवढंच ठाऊक होतं की सासरे मी यायच्या आधी गेले. कसे गेले, विचारलं होतं. हे कुठे होते, ते कधी विचारलं नाही.

मिठाची फार लाज वाटली.

१८ फेब्रु.

"तू जा," हे म्हणाले. "निनादला सांग, एकच जागा घे. तुझी तीस वर्षांची रेषा आहे ती."

निनाद म्हणतो, होऊ शकतं. एक ठेवायची, एक सोडायची. सोडलेली परत मिळायची नाही.

जावंसं वाटतं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते, फार जावंसं वाटतं. पण ती रेषा आली की शेजारी कोणाला कोपरानं ढोसू? पडद्यावर विमान सरकताना दिसतं म्हणे. आत्ता पाच, आणि आत्ता सहा, हे कोणाला दाखवू?

१९ फेब्रु.

उद्या बारा वाजता मुदत संपते. फोन अकराला करायचा ठरलंय.

सकाळी चहाला हे संत्रं घेऊन बसलेले. सुई माझीच, डब्यातून शोधून काढलेली. ते सुईवर सावकाश फिरवत होते. मग विचारलं, "पश्चिमेला तोंड, तर उत्तर उजवीकडे. म्हणजे दक्षिण डाव्या हाताला?"

हो म्हटलं.

दक्षिण पितरांची. हे तर्पण करतात ते तिकडे तोंड करून, आमच्या गच्चीवर टाकीच्या बाजूला.

"खिडकी डावीकडची बघून ठेव," म्हणाले. "कोणीही बसो." आणि उठून कॅलेंडरपाशी गेले. काही लिहिलं नाही. उभे राहिले, मग चष्मा पुसत बाहेर.

एक जागा की दोन, मी विचारलं नाही. अकराला विचारीन.

लॉस एंजेलिसहून निघालेलं विमान सरळ पश्चिमेला जात नाही. आधी वायव्येला चढतं, त्यामुळे डाव्या खिडकीत खरी दक्षिण यायची नाही, नैर्ऋत्य येईल. तीस वर्षांत एकाही मुलीला मी चुकीची दिशा सांगितली नाही. आज गप्प बसले.