मिठातली चाकोरी

८ जुलै, केलाँग
पेरणी उरकून लडाख बघायला नेकनूर सोडलं त्याला आज सहा दिवस. जीप सगळी ह्यांनीच चालवली. मी म्हणलं, सपाटीला तरी तासभर मला द्या. माहेरी तलवाड्याला ट्रॅक्टर मीच चालवायचे, हे ह्यांना माहीत आहे. तर म्हणे, "ट्रॅक्टर अन् जीप एक हाय का? एकतीस वर्षं बस चालवली म्या, एक अपघात न्हाई."
रिटायर झाल्यापासून हे रोज ऐकते.

९ जुलै, पांग
तंबूत मुक्काम. डोकं ठणकतंय, ह्यांचंही, पण कबूल करणार नाहीत. दिवसभर झाड म्हणून दिसलं नाही. नुसते तांबडे-करडे डोंगर. दोनदा चाक दगडावर चढवलं.
"दगड दिसला न्हाई का?"
"दिसला की. टाळून कुठं जाऊ?"
टाळायला चांगली ऐसपैस जागा होती. भाकरी संपल्या, शेंगदाण्याची चटणी उरलीय.

१० जुलै, दु.
सकाळी तळं बघायला डांबरी सोडून कच्च्यात शिरलो. खाऱ्या तळ्याभोवती सगळी जमीन मिठानं पांढरीफेक. डोळे उघडवत नाहीत. तंबूवाल्यानं बजावलं होतं, आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडू नका, वर कडक दिसतं, खाली चिखल. चाकोरी मला लख्ख दिसत होती. हे डावीकडं निघाले.
"उजवीकडं घ्या."
"चाकोरीतच हाय मी."
शंभर पावलांवर जीप बसली. पुढची दोन्ही चाकं आत.
दोन तास उकरतोय. सतरंजी घातली, पायपुसणी घातली, जास्तच रुतते. रेंज नाही. चीड आलीय नुसती.

१० जुलै, संध्याकाळ
एक मेंढपाळ नवरा-बायको आले. भाषा कळत नाही. बाईनं पोत्यानं दगड आणून चाकाखाली रचले, मग मला खुणेनं जीपच्या स्टेअरिंगवर बसवलं आन् ह्यांना ढकलायला लावलं. दुसऱ्या झटक्याला निघाली. चाकोरीवर आणून उभी केली. उतरले नाही.
हे खिडकीशी आले. "सरक तिकडं."
"आधी चाकोरी कुठंय ते दाखवा. बोट करा."
ह्यांनी बोट केलं. तिकडं मेंढरं चालली होती.
मग म्हणाले, "उजव्या डोळ्यानं मधलं काईच दिसत न्हाई. दिवाळीपासून. आता डावाबी धुरकट झालाय."
आठ दिवस. एवढे घाट, एका बाजूला दरी. मी पाण्याची बाटली फेकून मारली. लागली नाही.

११ जुलै, तळ्याकाठच्या वस्तीत
जीप मी चालवतेय. हे शेजारी बसून पायानं ब्रेक दाबतात. "क्लच सोड. गियर बदल." तिसऱ्यांदा बोलले तशी थांबवली. म्हणलं, "आता बोललात तर चालत यायचं."
राग स्वतःवरही आहे. घरी चहा बशीत ओतताना सांडायचे, मी लक्ष नाही म्हणून ओरडायचे.
वस्तीवर पोचल्यावर विचारलं, कावून सांगितलं न्हाई?
"सांगितलं असतं तर हितं येऊ दिलं असतंस?"
"न्हाई."
"मग."

१२ जुलै, लेह
डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. साखर वाढून डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलंय. उजवा परत येणं अवघड. डावा वाचेल, पण इंजेक्शनं लगेच सुरू करा म्हणाले. लेक फोनवर रडली. म्हणते विमानानं या, जीप राहू द्या तिथंच. हे ऐकेनात. म्हणे जीपनं आलो, जीपनंच जाणार.
चिडून चिडून दमले. शेवटी ठरलं, उद्या ह्यांना घेऊन विमानात बसायचं, जीप ट्रकवर चढवून पाठवायची.
जेवताना हळूच म्हणाले, "जीप आली की आपल्या एसटी स्टँडपासून घरापर्यंत मी चालवीन. एकदाच. सगळे ड्रायव्हर चहाला बसलेले असतेत तिथं."
मी ह्यांच्या ताटात भात वाढला. हे अजून उत्तराची वाट बघतायत, मला कळतंय.
स्टँड ते घर, लई तर एक किलोमीटर. मधे बाजार आहे आणि शाळा.